मोडलेला करार



नव्याने स्वतंत्र झालेले देश अस्थिर का होतात? भाषा अनेक असतात म्हणून, असे आपण सहज म्हणून जातो. श्रीलंकेचा इतिहास जरा निराळे सांगतो.

१९४८ साली तो देश रक्तपाताविना स्वतंत्र झाला. पण त्याच वर्षीच्या कायद्याने चहामळ्यांत राबणारे लाखो भारतीय वंशाचे तमिळ नागरिकत्वाला मुकले. १९५६ मध्ये सिंहली ही एकमेव राजभाषा ठरली. उत्तरेकडच्या अनेक तमिळ घरांची चूल सरकारी नोकरीवर पेटत असे. त्यांच्या पोटावरच घाव बसला. १९५७ मध्ये पंतप्रधान बंडारनायके आणि तमिळ नेते चेल्वनायकम यांनी करार केला. उत्तर व पूर्व भागांत तमिळमधून कारभार आणि प्रादेशिक मंडळांना अधिकार, असे त्यात ठरले. विरोध पेटताच पुढच्याच वर्षी पंतप्रधानांनी तो मोडला. १९८७ मध्ये तमिळला राजभाषेचा दर्जा मिळाला, तोवर यादवी सुरू होऊन चार वर्षे उलटली होती. ती थांबली २००९ मध्ये.

आपणही पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्या भाषेच्या मुलखात नांदतो आहोत. इथली भाषा आपण आनंदाने शिकलो, कारण घरची सोडा असे कोणी म्हटले नाही. हा विश्वास टिकला, तर भाषा कितीही असोत, देश टिकतो.

गणपती बाप्पा मोरया!