एकट्याची होडी

मंडळी, आम्ही दोघे भाऊ सिंधुदुर्गातल्या एका खाडीच्या तोंडावर राहतो. मासे धरणे हा आमचा धंदा. गुरुजी म्हणाले, "तुमच्या होडीविषयी वर्गात चार शब्द बोला." आम्ही म्हटले, होडीविषयी काय बोलायचे? होडीत बसायचे असते. पण गुरुजी ऐकेनात. तेव्हा सांगतो तसे ऐका.

मोठ्या नौकेवर पुष्कळ माणसे असतात. तिला इंजिन असते, बर्फ असतो. आमची होडी तशी नाही. ती एका माणसाची, फार तर दोघांची. पूर्वी आंब्याच्या ओंडक्यातून कोरून करीत. आता बऱ्याच होड्या फायबरच्या आल्या. होडी अरुंद असते, म्हणून ती चटकन कलंडते. त्यासाठी तिच्या एका अंगाला दोन आडव्या दांड्या बांधतात आणि त्यांच्या टोकाला हलक्या लाकडाचा एक ओंडका लावतात. त्याला उलांडी म्हणायचे. लहान पोर चालताना भिंतीला हात लावते ना, तशी होडी उलांडीवर हात टेकून चालते.

या होडीतून आम्ही गरवायला जातो. गरवणे म्हणजे गरीने मासा धरणे. घाटावर गरीला गळ म्हणतात. दोर, शिशाचा तुकडा, गरी आणि आमिष, एवढेच भांडवल. खडकाजवळ गोबरा लागतो, तांबोशी लागते. थोडे बाहेर गेले तर इसवण लागते. तिला मुंबईकडे सुरमई म्हणतात.

अशी एकट्याची होडी आपल्याकडेच आहे असे समजू नका. दूर उत्तरेला ग्रीनलंड नावाचा बर्फाचा मुलूख आहे. तिथल्या इन्युइट लोकांच्या एकट्याच्या होडीला कयाक म्हणतात. त्या मुलखात झाडे नाहीत म्हटले तरी चालेल. समुद्रातून वाहत आलेले लाकूड गोळा करून ते सांगाडा बांधीत. त्यावर सीलच्या कातड्याचे आवरण बायका शिवीत. सील हा समुद्रात राहणारा केसाळ प्राणी. होडी ज्याची त्याच्या अंगाच्या मापाने करायची, आपण सदरा शिवतो तशी. माणूस कंबरेपर्यंत आत बसे आणि अंगातला कातडी अंगरखा होडीच्या काठाला बांधून घेई. होडी उलटली तरी पाणी आत शिरत नसे. वल्ह्याचा एक फटका मारून तो पुन्हा सरळ होई! त्या थंडगार पाण्यात बाहेर पडणे म्हणजे मरणच, म्हणून ही विद्या शिकावीच लागे.

आता प्लॅस्टिकच्या कयाका निघाल्या आहेत. अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात हौशी लोक त्यांत बसून समुद्रात मासे धरतात. आमच्या किनाऱ्यावरही पाहुण्यांसाठी त्या आल्या आहेत. एका पाहुण्याने आम्हाला विचारले, "मासा कुठे लागतो?" आम्ही त्याला चहा पाजला. जागा काही सांगितली नाही.

पण त्या लोकांची एक रीत आम्हाला पटली. ते वल्हे दोरीने होडीला बांधून ठेवतात. ती का पटली, ते सांगतो.

आमचे काका साठी उलटलेले. पौष महिना होता. थंडीच्या दिवसांत पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. त्याला मतलई म्हणतात. दुपारी तोच उलटतो आणि समुद्राकडून येतो. तो खारा वारा. जमीन लवकर तापते आणि लवकर निवते, पाणी सावकाश. म्हणून वाऱ्याची ही ये-जा. काका मतलईबरोबर बाहेर गेले. सूर्य वर आला आणि इसवण लागली. मोठी होती. काकांनी वल्हे मांडीवरून खाली ठेवले आणि दोन्ही हातांनी दोर धरला. माशाने हिसका दिला, होडी कलली, वल्हे घसरले आणि पाण्यात पडले. काका दोर सोडीनात. पाच मिनिटे गेली असतील. मागे वळून पाहतात तर वल्हे नारळाच्या झाडाएवढ्या अंतरावर!

तेव्हा त्यांनी सुरी घेतली आणि दोर कापला. काय सांगू, दर दिवाळीला ते त्या इसवणीची लांबी सांगतात आणि ती दर दिवाळीला वाढते.

वल्हे गेले. मतलई होडीला बाहेर ढकलीत होती. नांगराची दोरी तळाला पुरेना. दुसरा कोणी असता तर हातांनी पाणी मारीत थकून गेला असता, किंवा पोहायला उडी टाकली असती. काकांनी तसे केले नाही. पाणी उपसायची बादली होती, तिच्या कडीला नांगराची दोरी बांधली आणि नाळेकडून ती पाण्यात सोडली. बादली पाण्यात भरून ओढ धरते. होडी लाटेला तोंड देऊन उभी राहते आणि वाहून जाते ती फार सावकाश. मग ते डोक्यावर ओला पंचा घेऊन बसून राहिले.

इकडे आमची काय गत! काकी पुळणीवर उभ्या. त्या बोलत नव्हत्या, रडतही नव्हत्या. आम्ही दोन होड्या घेऊन शोधायला गेलो, पण उत्तरेला गेलो. चुकलो.

दुपारी वारा पडला आणि मग खारा सुरू झाला. काकांनी बादली वर घेतली. बसायची फळी काढून तिचे वल्हे केले, उलांडीच्या दांडीला पंचा बांधून शीड केले. खारा वारा आमच्याकडे वायव्येकडून येतो. म्हणून ते आमच्या गावाच्या दक्षिणेला, दोन गावे सोडून किनाऱ्याला लागले. दिवेलागणीला चालत घरी आले. आम्ही विचारले, "काका, भीती नाही वाटली?" ते म्हणाले, "वाऱ्याशी भांडून काय करतलंय? दुपारी तोच हाडून सोडतलो."

काकी तेव्हा कुठे रडल्या.

आता काकांच्या होडीत वल्ह्याला दोरी आहे, अंगात तरंगणारे जाकीट आहे. ते जाकीट त्यांना आवडत नाही, उकडते म्हणतात. काकींनी शपथ घातली म्हणून घालतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला मोबाइल आहे. त्यात तटरक्षक दलाचा नंबर आम्ही घालून दिला आहे, 1554. समुद्रात अडचण आली तर तो लावायचा. मच्छीमारांसाठी केंद्र सरकारची अपघात विम्याची योजनाही आहे. समुद्रात माणूस दगावला तर घरच्यांना 5 लाख रुपये मिळतात. हप्ता मच्छीमाराने भरायचा नसतो, पण नाव नोंदलेले लागते. काकांचे नव्हते. त्या दिवशी काका आले नसते तर काकींच्या हाती काय होते? तो अर्ज आम्ही दोघांनी याच वर्गात बसून भरला. तीन वेळा खोडला.

कोणी विचारले होते, भरतीची वेळ कशी ओळखता? सोपे आहे. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन. तीनच्या सुमारास भरती, पहाटे एकदा आणि दुपारी एकदा. हा अंदाज आहे, घड्याळ नव्हे. पण आमच्या आज्याला घड्याळ नव्हते आणि त्याची होडी चिखलात कधी अडकली नाही.

उद्या सप्तमी. सात पाऊण सव्वापाच. त्यानंतर पाणी ओसरू लागेल आणि आम्ही त्या पाण्याबरोबर खाडीबाहेर पडू. काका आत्ताच आमिष कापायला बसले असतील. तेव्हा मंडळी, आम्ही उठतो.