पाणी ओसरलं, पण भिंत अजून ओली आहे

आजचा भाग कामाचा आहे. हातात फावडं घेऊन ऐकला तरी चालेल.

सप्टेंबर २०२५ मध्ये, ज्या आठवड्यात घट बसले, त्याच आठवड्यात आपल्या जिल्ह्यात पाणी शिरलं. परंडा आणि भूम तालुक्यांत माणसं छपरावर जाऊन बसली होती. एनडीआरएफच्या बोटी आल्या, हेलिकॉप्टर आलं. ते सगळं आपण टीव्हीवर, मोबाईलवर पाहिलं. पण हेलिकॉप्टर गेलं, पाणी उतरलं, आणि मग दारात उभं राहून आत बघायचं, ते कुणी दाखवलं नाही. आज त्याबद्दल बोलू.

आपला जिल्हा दुष्काळाचा. टँकर कधी येतो, घागर कुठं लावायची, एका बादलीत किती माणसांची अंघोळ होते, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पुराचं मात्र तसं नाही. पुरानंतर काय करायचं हे आजी-आजोबांनी सांगितलेलंच नाही, कारण त्यांनाही असा पूर फारसा माहीत नव्हता.

माझ्या मावशीचं घर सीना नदीच्या अंगाला. जुनं माळवद. दगड-मातीच्या भिंती, वर तुळया, किलचण आणि त्यावर मातीचा जाड थर. पाणी कमरेपर्यंत आलं होतं. दुसऱ्या दिवशी उतरलं. सगळ्यांनी मिळून चिखल काढला, जमीन खराट्यानं झाडली, आणि संध्याकाळी मावशी म्हणाली, आज आपल्याच घरात निजायचं. शेजारचे आबा आले. त्यांनी भिंतीच्या बुडाला काठी टोचली. काठी चार बोटं आत गेली. ते म्हणाले, "अक्का, पाणी बाहेरचं गेलंय, भिंतीतलं नाही. आज इथं कुणी निजायचं नाही." मावशी चिडली, पण ऐकलं. तिसऱ्या दिवशी चांगलं ऊन पडलं, आणि दुपारी मागची भिंत बसली. जिथं अंथरूण टाकणार होते, बरोबर तिथं.

आबांना हे कुठून कळलं? त्यांनी ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट पाहिली होती. किल्लारीचा भूकंप, सास्तूर, लोहारा, उमरग्याकडची गावं. दगड-मातीची भिंत आणि डोक्यावर मातीचं ओझं याचा अर्थ काय, हे त्या पिढीला नीट माहीत आहे.

आता कारण समजून घ्या. पाणी दोन्ही बाजूंनी असतं तेव्हा भिंतीला दोन्हीकडून दाब असतो. पाणी उतरलं की तो आधार जातो, पण बुडाची माती अजून लोण्यासारखी मऊच असते. वर माळवदही पाणी पिऊन जड झालेलं. त्यात खाली आपली काळी माती. ती भिजली की फुगते, वाळली की आकसते, भेगा पडतात. म्हणून घर पुरात टिकतं आणि उन्हात पडतं. तेव्हा आत जाण्याआधी बाहेरून एक फेरी मारा. भिंत पोटाला फुगली आहे का? नवी भेग आहे का? तुळई भिंतीतून सरकली आहे का? भेगेवर कोळशानं किंवा खडूनं दोन्ही टोकांना खूण करा. दुसऱ्या दिवशी भेग खुणेपुढं गेली असेल तर आत जायचं नाही, माणूस कितीही अडला तरी. आणि रात्री मुक्काम तर नाहीच.

घर पक्कं वाटलं तरी आधी वीज. पाण्यात उभं राहून मेन स्विचला हात लावू नका, वायरमनला बोलवा. फ्रिज, मोटर, मिक्सर वरून सुकलेले दिसले म्हणून चालू करायचे नाहीत. उघडून, वाळवून, तपासूनच. गॅसची टाकी आणि रेग्युलेटरही एजन्सीकडून बघून घ्या. पायात बूट हवेतच. चिखलात साप-विंचू असतात, आणि जखमेतून लेप्टोसारखे आजारही शिरतात. ताप आला तर अंगावर काढू नका, आशाताईंना सांगा.

झाडू हातात घेण्याआधी मोबाईल घ्या. भिंतीवर पाण्याची रेघ उमटलेली असते, तिचा फोटो काढा. भिजलेलं धान्य, पडलेली भिंत, सगळ्याचे फोटो. तलाठी पंचनाम्याला येतील तेव्हा तुम्ही घर स्वच्छ केलेलं असेल, आणि स्वच्छ घरात नुकसान दिसत नाही.

मग गाळ. तो ओला असतानाच काढा. काळा गाळ एकदा वाळला की दगड होतो, मग टिकाव लागतो. गाळ काढून, धुऊन झाल्यावर फरशीला, ओट्याला, भांड्यांना ब्लीचिंग पावडरचं पाणी. लिटरला साधारण एक मोठा चमचा, दहा मिनिटं ठेवायचं, मग भांडी स्वच्छ पाण्यानं धुवायची. एक गोष्ट लक्षात ठेवा: ब्लीचिंग पावडर आणि संडासाचं अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नका. विषारी वायू होतो. प्यायचं पाणी उकळूनच प्या.

धान्याचं बोलायला जड जातं. वर्षाची ज्वारी डोळ्यांदेखत कुजते. पण पुराच्या पाण्यात भिजलेलं, बुरशी धरलेलं धान्य खाऊ नका, आणि "जाऊ दे, जनावरांना घालू" असंही करू नका. ती बुरशी जनावरालाही मारते. गोधड्या धुऊन कडक उन्हात टाका, त्या वाचतात. कापसाच्या गाद्या नाही वाचत.

कागद मात्र उन्हात टाकू नका. सातबारा, पासबुक, शाळेचे दाखले आधी साध्या पाण्यात हलके बुडवून गाळ काढा, मग सावलीत, वाऱ्यावर, मध्ये कोरे कागद घालून वाळवा. एकमेकांना चिकटलेले फोटो ओढून सोडवू नका, पाण्यात भिजत ठेवा, हळूहळू सुटतात.

शेवटचं, आणि सगळ्यात अवघड: थांबा. दिवाळी आली, पाहुणे येणार, म्हणून ओल्या मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा किंवा ऑइलपेंट लावू नका. ओल आत कोंडते आणि भिंत आतून कुजते. खिडक्या-दारं उघडी ठेवा, पेट्या-कपाटं भिंतीपासून हातभर लांब सरकवा. पूर्ण वाळल्यावर चुना द्या. चुन्यातून भिंत श्वास घेते, बुरशीही कमी धरते. महिना लागेल, दोन लागतील.

मावशीनं मागची भिंत परत उभारली, पण आता त्या खोलीवर माळवद नाही, पत्रे आहेत. ती म्हणते, उन्हाळ्यात तापतं रे फार. पण आबा समोरच्या ओट्यावर बसलेले असले की पत्र्याबद्दल एक शब्द काढत नाही.

तुमच्या ओळखीत कुणाचं घर पाण्यात गेलं असेल, तर हा भाग त्यांना ऐकवा. आणि जमलं तर नुसता ऐकवू नका, एक फावडं घेऊन जा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.