छायाचित्रामागचे नाव

१८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी लखनौची दाट वस्ती पाडून रुंद रस्ते काढले. उरलेल्या शहराचे रूप अभियंता दरोगा अब्बास अली यांनी १८७४ साली 'लखनौ आल्बम'मध्ये ५० छायाचित्रे आणि एका नकाशासह जतन केले. तेथील कैसरबागेशी मराठी मनाचेही नाते आहे, पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ मध्ये सुरू झालेले संगीत महाविद्यालय तेथेच नांदले.

अब्बास अलींच्या चित्रांना नावे आहेत, म्हणून ती आजही बोलतात. नाव, गाव, साल नसलेले छायाचित्र दोन पिढ्यांत मुके होते. माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी घरातील वडीलधारी मंडळी आहेत तोवरच त्यांना विचारून प्रत्येक छायाचित्रामागे चार शब्द लिहून ठेवावेत.