रिकामी पुंगळी

अमेरिकेंत नेमबाजीचा नाद असणारे कित्येक लोक उडालेल्या काडतुसाची पितळी पुंगळी फेकून देत नाहींत. ती मापांत बसवून, बुडाशीं नवी टोपी, आंत दारू व तोंडाशीं गोळी घातली, कीं काडतूस पुन्हां तयार! १९५८ सालीं रिचर्ड ली यांनीं छऱ्यांच्या बंदुकीसाठीं असा स्वस्त हातसंच काढला. पुढें पिस्तुलांसाठींही निघाला. (आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वयें हें परवान्यावांचून करणें गुन्हा आहे, तेव्हां आपण नुसतें ऐकावें.)

खरी मेख दारूंत आहे. ‘३८ स्पेशल’ काडतूस मूळचें काळ्या दारूचें, म्हणून पुंगळी लांब. हल्लींची धूरविरहित दारू तिच्या तळाशींच राहते. चुकून दोनदां माप पडलें, तरी ती उतूं जात नाहीं, आणि रिव्हॉल्व्हर हातांत फुटतें. ताळा न पाहणारीं मुलें मीं वर्गांत पुष्कळ पाहिलीं. तेथें गुणच जात. म्हणून जाणते लोक नवशिक्यास आधीं तराजू घ्यावयास लावतात. गोळी बसविण्यापूर्वीं दिवा धरून प्रत्येक पुंगळींत डोकवावयाचें. मध्येंच कोणीं हांक मारली व शंका आली, तर सगळ्या रित्या करून पुन्हां आरंभ.