थांबविण्याची विद्या
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चिटणीसांनी आम्हांस विषय दिला तो असा : 'वाहने व अवजड यंत्रे यांतील यांत्रिकी शोध'. विषय डोंगराएवढा आणि वेळ पाऊण तासाचा. त्यातून महाराष्ट्रापासून दूर राहणारी मंडळी समोर असली, म्हणजे वक्त्याने लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरापासून प्रारंभ करावा, ही अपेक्षा ठरलेलीच. ती रास्तही आहे. लोखंडाने जमीन नासते अशा समजुतीने तो नांगर प्रथम कोणी विकत घेईना. म्हणजे शोध लावण्याइतकेच तो लोकांच्या गळी उतरविणे कठीण असते, हा धडा त्यात आहेच. परंतु नांगर, इंजिन, पंप हे सारे शोध वस्तूला गती देणारे. त्यांचे पोवाडे पुष्कळ झाले. गती मिळालेली वस्तू थांबवावयाची कशी, या विद्येचा पोवाडा कोणी गात नाही. आमची सारी नोकरी या दुसऱ्या विद्येत गेली, तेव्हा आज तिच्याविषयीच बोलण्याची परवानगी असावी.

आपल्यापैकी कित्येकांची घराणी भोसल्यांच्या काळात या मुलखात आली. पुष्कळांचे आजे-पणजे मात्र रेल्वेबरोबर आले. १८८२ साली नागपूरहून राजनांदगावपर्यंत मीटरगेज लोहमार्ग झाला, पुढे १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने तो आपल्याकडे घेतला, रुंद केला आणि पुढे वाढविला. छत्तीसगडचे मैदान सपाट, त्यामुळे गाडी थांबविण्याचा प्रश्न येथे तितका भेडसावला नाही. तो भेडसावला आपल्या बोरघाटात.

बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ साली खुला झाला. पंधरा-सोळा मैलांत सुमारे अठराशे फूट चढावयाचे. सर्वांत तीव्र जागी ३७ फुटांत एक फूट चढ. अशा उतारावर गाडीचा आवेग कसा आवरीत? इंजिनाला ब्रेक असे, आणि गाडीत काही ब्रेकच्या डब्यांत एकेक मनुष्य हाताने चक्र फिरविण्यास बसविलेला असे. ड्रायव्हरने शिटी द्यावयाची, मागच्यांनी ती ऐकावयाची आणि चक्र पिळावयाचे. पावसाळ्यातील बोरघाट ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी त्या माणसांची स्थिती मनाशी आणून पाहावी. धुके, ओले रूळ, धबधब्यांचा आवाज, आणि त्यातून ऐकू आली तर शिटी. १८६९ च्या जानेवारीत एक गाडी घाटात अशीच अनावर झाली आणि खंडाळ्याखालच्या उलट-स्थानकाच्या टोकापलीकडे गेली. आता सांगतो ते निव्वळ योगायोगाचे आहे : त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउस नावाच्या बावीस वर्षांच्या तरुणास हवेच्या ब्रेकचे पेटंट मिळाले.

त्याची पहिली कल्पना सरळ होती. इंजिनावर दाबाखालच्या हवेची टाकी ठेवावयाची, तेथून सर्व डब्यांखालून एक नळी न्यावयाची. ड्रायव्हरने झडप उघडली की हवा नळीतून प्रत्येक डब्याखालच्या नळकांड्यात शिरते, दट्ट्या ढकलते आणि ब्रेकचे ठोकळे चाकांवर बसतात. एका हाताने सारी गाडी आवरता आली. पण नळी फुटली तर? सांधा निसटला तर? मग हवा नाही आणि ब्रेकही नाही. म्हणजे ज्या घटकेला ब्रेकची सर्वाधिक गरज, नेमक्या त्याच घटकेला तो दगा देणार.

१८७२ साली वेस्टिंगहाउसने हीच रचना उलटी केली. आमच्या मते खरा शोध हा, आधीचा नव्हे. त्याने प्रत्येक डब्याखाली स्वतंत्र छोटी टाकी दिली आणि नळी, टाकी व नळकांडे यांच्यामध्ये एक त्रिमार्गी झडप बसविली. नळीत दाब आहे तोवर ब्रेक सुटलेला आणि टाकी भरत असलेली. नळीतला दाब उतरला की झडप सरकते आणि टाकीतली हवा नळकांड्यात जाऊन ब्रेक लागतो. आता ड्रायव्हरने हवा सोडली तरी ब्रेक लागतो, गार्डाने सोडली तरी लागतो, आणि गाडी मधोमध तुटली तरी नळी तुटल्यामुळे दोन्ही तुकडे आपोआप थांबतात. ब्रेक लावण्यासाठी काही करावे लागत नाही; तो न लागावा म्हणून सतत काही करीत राहावे लागते.

हे सर्वांना पटले, असे मात्र झाले नाही. त्याकरिता ऐंशी माणसांना मरावे लागले. १८८९ च्या जूनची १२ तारीख. आयर्लंडातील आर्मा गावाजवळ रविवारच्या धर्मशाळेतील मुलांना घेऊन सहलीची एक गाडी निघाली होती. इंजिनाला चढ ओढवेना. मग गाडी दोन भागांत तोडून पुढचा भाग आधी न्यावयाचे ठरले. गाडीचा ब्रेक निर्वाताचा होता, पण आपोआप लागणारा नव्हता; सांधा सोडताच मागच्या डब्यांचा ब्रेक गेला. मागे उरला तो गार्डाच्या डब्यातील हातब्रेक, आणि चाकांमागे ठेवलेले दगड. पुढचा भाग निघताना किंचित मागे सरला, त्या धक्क्याने दगड चुरडले गेले, आणि दहा डबे उतारावरून मागे येणाऱ्या दुसऱ्या गाडीवर जाऊन आदळले. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून उतारूंच्या गाड्यांना आपोआप लागणारा अखंड ब्रेक सक्तीचा केला. चाकामागच्या दगडाची गोष्ट आपण ध्यानात ठेवावी. पुढे तिच्याकडे परत यावयाचे आहे.

आपल्या देशात ब्रेक आला तो बहुतांशी निर्वाताचा, म्हणजे व्हॅक्यूमचा. तत्त्व तेच : नळीतील निर्वात मोडला की ब्रेक लागतो. परंतु निर्वाताला एक मर्यादा निसर्गानेच घातलेली आहे. दट्ट्याच्या दोन बाजूंच्या दाबांतील फरक वातावरणाच्या दाबाहून अधिक होऊ शकत नाही. तो चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो. हवेच्या ब्रेकमध्ये नळीतील दाब पाच किलो ठेवतात. म्हणून व्हॅक्यूमची नळकांडी ढोलाएवढी, आणि लांब, जड मालगाडीच्या शेपटापर्यंत तो परिणाम पोचावयास वेळ लागणार. १९८० नंतरच्या दशकात बॉक्स-एन जातीच्या हवा-ब्रेकच्या मालवाघिणी आल्या, आणि आज आपल्या स्टेशनावरून कोळसा व लोहखनिज यांच्या ज्या लांबलचक गाड्या जाताना दिसतात, त्या शक्य झाल्या. इंजिन किती अश्वशक्तीचे, हे मुले कौतुकाने विचारतात. गाडी किती लांब करावयाची हे पुष्कळदा ब्रेक ठरवितो, हे त्यांना कोणी सांगत नाही.

आता रूळ सोडून रस्त्यावर येऊ. मोठ्या ट्रकच्या आणि टिपरच्या मागच्या चाकांपाशी डब्यासारखे जे लोखंडी गोळे दिसतात, त्यांत हाताने दाबता येणार नाही अशी एक जबर स्प्रिंग असते. हवेचा दाब तिला मागे रेटून धरतो. ड्रायव्हरने उभे राहण्याच्या ब्रेकची खुंटी ओढली की 'फुस्स' करून हवा जाते आणि स्प्रिंग ब्रेक आवळते. हवा गळाली तरी तेच घडते. वेस्टिंगहाउसने लावलेला शोधच नव्या वेषात आला, असे म्हणावयास हरकत नाही. फक्त एक अडचण येते. हवा नसलेली गाडी जागची हलतच नाही. मग ती दुरुस्तीस आत ओढावयाची कशी? त्यासाठी गोळ्याच्या मागून एक लांब बोल्ट घालून स्प्रिंग दाबून धरण्याची सोय केलेली असते. काम झाले की बोल्ट काढावयाचा.

१९९४ साली आम्ही एका खाणीच्या यंत्रशाळेत होतो. नोकरीला तीन वर्षे झाली होती आणि आपल्याला सारे कळते असे वाटण्याचे ते वय होते. एक टिपर हवा गळते म्हणून आला. दोन्ही बाजूंना बोल्ट घालून तो आत ओढला, नळी बदलली, हवा भरली, पायाचा ब्रेक दाबून पाहिला, उत्तम लागला. आम्ही कामाच्या कागदावर सही केली. बोल्ट कोणी काढले नव्हते. संध्याकाळी ड्रायव्हरने भरलेली गाडी किंचित उतारावर उभी केली आणि खुंटी ओढली. 'फुस्स' आवाज रोजच्यासारखा झाला, म्हणून तो निर्धास्त उतरला. हवा गेली होती, पण स्प्रिंग बोल्टांनी बांधलेली होती. बरोबरचा पोरगा, वय वर्षे बावीस, रिवाजाप्रमाणे चाकामागे दगड लावावयास वाकला होता. गाडी सरकली. त्याचा डावा पाय घोट्यापासून गेला.

चौकशीत ड्रायव्हरने गाडी गिअरमध्ये ठेवली नव्हती, हे निघाले, आणि ठपका त्याच्यावर बसण्याच्या बेतात होता. बोल्ट आमच्या शाळेत बसले आणि सही आमची, हे आम्ही लेखी सांगितले, पण अकराव्या दिवशी. ते दहा दिवस आम्ही काय करीत होतो, याचे उत्तर आज तीस वर्षांनंतरही आमच्यापाशी नाही. तो मुलगा पुढे त्याच खाणीच्या भांडारात लागला. आम्ही त्याच्या लग्नास गेलो होतो. त्याने एका शब्दाने कधी बोलून दाखविले नाही, आणि त्याच्या आईने आम्हांस आग्रहाने जेवू घातले.

त्यानंतर शाळेतील एका वयस्क फिटरने एक युक्ती काढली. बोल्टांची प्रत्येक जोडी त्याने लाल रंगविली आणि भिंतीवर प्रत्येकीची जागा आखून एक फळी लावली. गाडी आत आली की तिची किल्ली बोल्टांच्या रिकाम्या जागी टांगावयाची. दोन्ही बोल्ट फळीवर परत आल्यावाचून किल्ली द्यावयाची नाही. खर्च, एक फळी आणि थोडा रंग. याचे पेटंट कोणी घेतले नाही आणि त्या फिटरचे नाव कोणत्याही ग्रंथात सापडणार नाही. तरी आमच्या हिशेबी तो वेस्टिंगहाउसच्याच गोत्रातला : मनुष्य विसरणार, हे त्याने आधीच धरून चालले होते.

आपोआप लागणारा ब्रेकही सर्वज्ञ नव्हे. २०१३ च्या जुलैमध्ये कॅनडातील लाक-मेगांतिक या गावावर खनिज तेलाच्या बहात्तर टाक्यांची गाडी रात्री उतारावरून धावून आली आणि सत्तेचाळीस माणसे जळून मेली. गाडी वरच्या स्टेशनात उभी करून ठेवली होती. इंजिनाला आग लागल्याने ते बंद करण्यात आले, हवा भरणारा पंप थांबला, इंजिनांचा ब्रेक ज्या हवेने धरला होता ती हळूहळू गळून गेली, आणि हातब्रेक पुरेसे आवळलेले नव्हते. हवा एकदम गेली तर ब्रेक लागतो. तासन् तास झिरपत गेली तर लागलेला ब्रेकही सुटू शकतो. म्हणूनच आपल्या यार्डांत उभ्या गाडीला आजही हातब्रेक, साखळी आणि चाकाखाली लाकडी पाचर लावतात. तरुण मंडळी याला जुनाट म्हणून हसतात. त्यांनी हसू नये.

शेवटी केशकालच्या घाटाविषयी थोडे, कारण दसऱ्याला आपल्यातील बरीच कुटुंबे जगदलपूरला जातात आणि परतताना तो उतरतात. पंचवीस टनांचा ट्रक शंभर मीटर खाली उतरला की त्याच्या ब्रेकांत, इंजिनाची मदत न घेतल्यास, सुमारे ऐंशी लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी उष्णता निर्माण होते. ती जाणार कोठे? ड्रम तापून फुगतो, अस्तराची पकड जाते, पाय दाबत राहतो आणि गाडी ऐकत नाही. म्हणून जुने ड्रायव्हर सांगत, ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. डिझेल वाचावे म्हणून न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे आजही दिसतात. त्यात काही वाचत नाही : गिअरमध्ये पाय उचलला की आजच्या इंजिनाला डिझेल मिळणे बंद होते, न्यूट्रलमध्ये मात्र ते स्वतः चालू राहण्यापुरते पीतच असते. घाटात तेलीन सती मातेचे देऊळ आहे. पुष्कळ ड्रायव्हर तेथे गाडी थांबवून नमस्कार करतात. देवीवर आपली श्रद्धा असो वा नसो, ती पाच मिनिटे ड्रम निवण्यास उपयोगी पडतात.

येथे मेजावर आम्ही एक खेळणे आणले आहे. सायकलच्या ट्यूबची नळी, दोन लहान डबे आणि कातड्याची एक झडप, असा हा घरी केलेला त्रिमार्गी ब्रेक. पंपाने हवा भरली आहे आणि चाक मोकळे फिरते आहे. अध्यक्षांचे समारोपाचे भाषण झाले की मुलांनी पुढे यावे आणि वाटेल तेथून नळी उपटून पाहावी. मोडेल याची भीती बाळगू नये. ते मोडल्यावरच थांबावयासाठी केलेले आहे.