पाठबळ



इथियोपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा मुख्य कारभारी झाला. सुपे-इंदापूरच्या आम्हां मंडळींना त्याची साराबंदी ऐकून ठाऊक असते. पण त्याला विकत घेऊन राजकारणात तयार करणारा वजीर चंगीझखान हाही हबशीच होता, हे आम्ही विसरतो. गुणाला पाठबळ मिळाले, म्हणून अंबर घडला.

आफ्रिकेतून आणलेल्या अशाच लोकांचे वंशज, सिद्दी, उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ-यल्लापूरच्या रानांत राहतात. कोकणी, मराठी त्यांच्या तोंडी आहे. १९८७ साली क्रीडा प्राधिकरणाने त्यांची मुलेमुली निवडून त्यांना मैदानी खेळांचे शिक्षण सुरू केले. काहींनी पदके मिळविली. १९९३ साली योजना गुंडाळली गेली आणि पुष्कळ मुले अर्ध्या वाटेवरून परतली. कर्नाटकात त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला तो २००३ साली.

आता आमच्या दाराशी पाहू. दर गळीत हंगामात बारामती-इंदापूरच्या कारखान्यांवर ऊसतोड मजुरांची मुले येतात. कोपी हलली की शाळा सुटते. मुलाचे वय मात्र हंगाम पाहून वाढत नाही. म्हणून आमची विनंती एवढीच, की मदत थोडी करा, पण ती मध्येच सोडू नका.