भरपूर धावलेली हिमालयन

रॉयल एनफिल्डची 411 सीसीची हिमालयन 2016 मध्ये आली. तुमची त्या पिढीतली गाडी पन्नास हजार किलोमीटर ओलांडून गेली असेल, तर आधी कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, तपासा. पुढचं 21 इंची चाक जमिनीवरून उचला आणि हँडल हळूहळू फिरवा. मध्यभागी आल्यावर ते अडकल्यासारखं वाटलं, तर बेअरिंगच्या वाटीत खळगे पडलेत. नुसतं आवळून भागत नाही, संच बदलावाच लागतो.

चेन बदलताना दोन्ही स्प्रॉकेटही बदला. झिजलेले दाते नवी चेन लवकर खातात. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. घाट उतरताना असं ओल धरलेलं ऑइल तापून उकळलं, की लिव्हर पोकळ लागतो आणि ब्रेक पकडत नाही. म्हणून ते दर दोन वर्षांनी बदला, गाडी कमी चालली असली तरी!

आणि हौसेचं सामान? जादा दिवे लावताना वायर कापून जोड देऊ नका, रिले आणि फ्यूज लावून वेगळी वायरिंग घ्या. माझ्या मते पहिला खर्च सस्पेन्शनवर करावा. सामानाच्या पेट्या नंतर घ्या.